मुद्देमाल

"हलू नका. श्वास रोखा."
सव्वीस वर्षं हेच सांगतेय मी
धनकवडीतल्या त्या काळोख्या खोलीत.
एकाच पेशंटनं ते मनापासून पाळलं.

वनखात्याच्या शेळकंदे बाई
भाजीच्या क्रेटमधून घेऊन आल्या त्याला, रात्री साडेदहाला.
पाठीवर पिवळ्या चांदण्या,
कडेला ड्रिलनं पाडलेलं भोक,
भोकात नायलॉनच्या दोरीचा तुकडा.
बाणेरला एका बिल्डरच्या हापिसात, उत्तर दिशेला,
काचेच्या घंगाळात, तीन इंच पाण्यात
दोन वर्षं उभं होतं म्हणे.
कोरड्या माळावरचा जीव.
बरकत यावी म्हणून.

पडद्यावर उमटलं:
बरगड्या आणि पाठ एकजीव झालेल्या,
आणि मधोमध एक लख्ख गोल.
"चंद्र गिळला की काय," वॉर्डबॉय म्हणाला.
"नाणं आहे," डॉक्टर मुजावर म्हणाले.
"वाट बघू. त्याला घाई नाही,
आपण कशाला करा."

केंद्रात जागा नव्हती.
मी तीन प्रतींवर सही केली:
मुद्देमाल, नग एक, जिवंत,
निकाल लागेपर्यंत सांभाळण्यास दिला.
"पाळायला नव्हे, सांभाळायला," बाईंनी दोनदा बजावलं.
"आणि नाव ठेवू नका. जीव अडकतो."

म्हणून मी नाव घेत नाही.
"अहो" म्हणते.

अहोंना फरशी चालत नाही, पाय घसरतात.
गॅलरीत माती पसरली, वर गोणपाट.
अहोंना पालक चालत नाही,
घोळ लागते, शेवग्याचा पाला, जास्वंद एखादं.
मंडईत घोळ मागितली तर भाजीवाली हसली,
"आम्ही ती उपटून फेकतो की हो ताई,"
आणि दुसऱ्या दिवसापासून फेकायची थांबली.
काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेस.
थंडीत साठचा बल्ब.
कोमट पाणी परातीत, पंधरा मिनिटं.
कणीक मी आता दुसऱ्या परातीत मळते.

पहिले चाळीस दिवस
मी दिसले की कुकरची शिट्टी अर्धवट राहावी तसं
फुस्स करून मान आत.
एक्केचाळिसाव्या दिवशी मान बाहेरच राहिली.
मी हलले नाही.
श्वास रोखला.

जानेवारीत एका सकाळी परातीत टण्‌ वाजलं.
चार आणे.
काळवंडलेले, पण गेंडा ओळखू येत होता.
बाजारातून कधीच बाद झालेलं नाणं
कुणीतरी लक्ष्मीसाठी पाण्यात टाकलेलं,
आणि ह्यांनी ते खडा समजून गिळलेलं.
मी शेळकंदे बाईंना फोन केला:
मुद्देमालातून मुद्देमाल निघालाय.
"पंचनाम्यात आहे?"
"नाही."
"मग आमचं नाही ते."
मग जरा थांबून म्हणाल्या,
"गेंडासुद्धा शेड्यूल वनमध्येच येतो हो. सांभाळा."

तारीख पुन्हा पुढे गेलीय. आता जून.
बिल्डरचे केस पांढरे होतील,
वकिलाची मुलगी वकील होईल,
अहो तेवढेच राहतील, बोटभर मोठे फार तर.
वहीत दर रविवारचं वजन लिहिते,
एक किलो एकशे ऐंशी,
आणि शेवटचं पान कोरं ठेवलं होतं, ते परवा भरलं:
घोळ कुठे मिळते, परात कुठली,
भोकापाशी तेल लावू नये,
दोरीचा तुकडा आणि चार आणे हळदीच्या जुन्या डबीत आहेत.
कुणासाठी, ते लिहिलं नाही.

रोज नऊ वाजता अहो निघतात,
आग्नेयेच्या कोपऱ्याकडे, तिथेच.
भिंत लागते. ढकलतात. टक्‌. टक्‌.
खालच्या मोडकांनी विचारलं, सुतार लावलाय का?
भिंत म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसावं.
आज उघडली नाही, एवढंच.

त्या जागी रंग उडालाय,
तांदळाच्या दाण्याएवढा.
माझाही करार अकराच महिन्यांचा आहे.
घरमालकाला अजून बोलले नाही.