अर्ध्यावरचं शटर

मी सराफ्यातली शटरं दुरुस्त करतो.
रात्री सोनं आत जातं, पट्ट्या खाली येतात
आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात :
गराडू, भुट्ट्याचा कीस.
दारं बंद झाली की गल्ली उघडते,
हे पंचवीस वर्षं बघतोय.
त्यात काही शास्त्र असेल, वाटलं नव्हतं.

त्या शुक्रवारी दिवसभर एक अवजड शटर उतरवलं,
रात्री पोरांबरोबर खाल्लं. मोजलं नाही.
जलेबा तिथे पावशेराचा एक. दोन खाल्ले.
वर रबडी.

पहाटे जाग आली तर पाय नव्हते.
म्हणजे होते, पांघरुणाखाली,
शेजाऱ्यानं ठेवून गेल्यासारखे.
डोळे फिरत होते, जीभ चालत होती.
"वैजू, उठव मला."
"उठा की. कोणी धरलंय?"

एमवायमध्ये एक पोरगेला डॉक्टर
ग्लुकोजची बाटली टांगायला निघाला.
कानूनगो बाई दारातूनच ओरडल्या,
"साखरेनंच केलंय हे! पोटॅशियम बघ आधी."
एक पॉइंट नऊ.

मी म्हटलं, बाई, मी शटरवाला. माझ्या भाषेत सांगा.
त्यांनी केसपेपर उलटा केला, पेन काढलं.

पेशीला कातडं असतं, तेलकट.
आतली बाजू बाहेरच्यापेक्षा नव्वद मिलिव्होल्ट खाली.
"एवढ्यात तर बल्बही मिणमिणणार नाही," मी म्हणालो.
"कातडं किती पातळ ते बघा. त्या मानानं वीज कोसळतेय."
कातड्यात दारं. कडी नाही, चौकीदार नाही,
फक्त एक मळसूत्री दांडी,
तिच्यावर दर तिसऱ्या घरी धन भाराचा एक मणी.
आतलं ऋण मण्यांना ओढून धरतं : दार बंद.
निरोप आला, ओढ ढिली पडली,
की दांडी सरकते, केसाच्या लाखाव्या भागाइतकी,
आणि सोडियम आत घुसतं,
रंगपंचमीची गेर राजवाड्यावर यावी तसं.
मिलिसेकंदात दाराच्या घशात बोळा बसतो.
मग पोटॅशियमची दारं, जरा सुस्त,
उशिरा उघडून सगळं पुन्हा खाली नेतात.
नव्वदवर पोचल्याशिवाय बोळा निघत नाही.

"तुमचा एक मणी चुकीचा आहे. जन्मापासून.
दांडीच्या बगलेतून गळतं.
साखर पोटॅशियमला पेशीत ओढते, रक्तात उरत नाही,
मग व्होल्टेज खाली जाऊन टिकत नाही. मधेच लटकतं."

एवढं मला लगेच कळलं.
अर्ध्यावर अडकलेलं शटर वर रेटायचं नसतं.
आधी पूर्ण खाली घ्यावं लागतं.
गिऱ्हाइकाला पटत नाही. ते लाथ मारतं.

"घरात आणखी कोणाला?"

नाना.
लग्नाच्या पंगतीनंतरच्या सकाळी
मिलचा भोंगा वाजायचा आणि नाना पडून.
काका म्हणायचे, तोंड चालतंय ना? मग पाय का नाही?
गल्लीत आम्ही आळशाची पोरं.
एकदा मी लोटाभर पाणी ओतलं त्यांच्या अंगावर,
नऊ वर्षांचा होतो. सगळे हसले.
नानांना तोंड पुसायलाही हात उचलता आला नाही.
ते डोळे मिटून म्हणाले, "गार आहे रे."
दुपारी उठून गेले,
फाटकावरून परत आले. पुढे फाटकच बंद झालं.

खारट औषध, दर अर्ध्या तासाला.
संध्याकाळी अंगठा हलला, डावा.
वैजू बघत होती, काही बोलली नाही.

बाईंनी कुळाचा तक्ता काढला, पुरुषाला चौकोन.
माझा काळा. ओजसचा कोरा,
आत पेन्सिलनं प्रश्नचिन्ह.
नानांचा भरता भरता फोन वाजला, त्या उठल्या.

परत आल्यावर म्हटलं,
बाई, नानांचा जरा नीट भरा.
कोपरा राहिलाय.