दोनशे चाळीस

उभादांड्याच्या रस्त्याला काजूची फॅक्टरी,
प्रतवारीच्या खोलीत लांब पत्र्याचं टेबल,
दोन्ही बाजूंना मिळून सतरा बायका
आणि टोकाला, फळीवर उंच केलेली, माझी खुर्ची.
तिचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं.
बसले की कुरकुरायचं,
आणि सतरा मानांपैकी एकही वर व्हायची नाही.

वय चोवीस. पद सेक्शन मॅनेजर.
फिलोमिना फर्नांडिसचे हात या टेबलावर आहेत
त्याला एकतीस वर्षं झाली.
पहिल्याच सकाळी म्हणाली,
डोळे मीट गो, आणि सांग, ह्यो गर कितीचो?
मी चाचपला. म्हटलं, तीनशे वीस?
तिने तो माझ्या तळहातावरून उचलला,
न बघता दोनशे चाळीसच्या ट्रेमध्ये टाकला
आणि कामाला लागली.
माझी प्रतवारी चहाच्या आधीच उरकली होती.

घरी आरशासमोर आवाज काढून पाहिला.
"जरा लवकर आवरा", हा फारच आईचा निघाला.
"उशीर चालणार नाही", हा शाळेतल्या परब सरांचा.
माझा असा सापडेना,
मग सरांचाच घेऊन गेले.

चालला तो. अकरा दिवस.
केळूसची एसटी चुकून वीस मिनिटं उशिरा आलेल्या
शेवंती गावड्यांच्या नावापुढे लाल फुली.
बोलणं बंद, बोलल्याने हात मंदावतात म्हणून.
मंदावत नव्हते. वजनाच्या वहीत ते नंतर दिसलं,
गप्पांच्या दिवशी किलो-दीड किलो जास्तच.

बाराव्या दिवशी व्यापाऱ्याचे नऊ डबे परत आले.
वर दोनशे चाळीस, आत पाकळी.
मी एक डबा टेबलावर उपडा केला.
शेवंतीताई उभ्या राहिल्या, शाळेत राहतात तशा.
मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.
बोर्म्यावरचा अंतोन दारातून डोकावून मागे फिरला, एवढंच,
आणि त्या डोक्यावरची टोपी नीट करत राहिल्या,
नीटच असलेली.

संध्याकाळी लेबलांचे गठ्ठे हातात घेतले.
चिकटवली मी होती. अक्षर माझं.
चिकटवताना फोनवर होते,
मैत्रिणीला नवा पगार सांगत.

रात्रभर सोप्या वाटा शोधल्या.
त्यांना विहिरीपाशी बाजूला घेऊन सांगावं.
फुली गुपचूप खोडावी.
एखादी भरपगारी रजा द्यावी.
पण ओरडताना कुठे बाजूला घेतलं होतं?

सकाळी फळीवरून उतरून टेबलापाशी उभी राहिले.
जेवढ्या मोठ्याने ओरडले होते
तेवढ्याच मोठ्याने बोलायला गेले,
तर सरांच्या आवाजात ते वाक्य बसेना.
सरांनी ते आमच्यासमोर कधी म्हटलंच नव्हतं.
मध्येच आवाज फाटला.
फाटला तेवढा माझा होता.
लेबलं मी चुकवली. शेवंतीताईंची चूक नव्हती.
मालकांना सांगितलंय.
मालकांना अजून सांगायचं होतं.
बोलून बसले, मग सांगावंच लागलं.

कोणी काही म्हणालं नाही.
शेवंतीताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही,
त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही.
फिलोमिनाने एक गर उजेडात धरला.
बरो दिसता अख्खो, म्हणाली, पण चीर गेली आसा.
गराविषयी की माझ्याविषयी, विचारलं नाही.

मग एका शनिवारी शेवंतीताई खुर्चीपाशी आल्या.
मी सोमवारी येवचंय नाय.
लेकीचो दाखलो काढूचो आसा.
आधी त्या हे फिलोमिनाला सांगायच्या
आणि फिलोमिना मला.
मी लिहून घेतलं. निळ्या शाईने.

त्या दिवशी खुर्चीचं प्लॅस्टिक फाडून काढलं.
फळीही काढायला वाकले
तर टेबलाच्या पलीकडून, मान वर न करता,
फिलोमिना म्हणाली,
रवांदे गो ती.
थयसून तुका आमी सगळी दिसतव.