किल्ली देण्याआधी

बस, नेरिस. आधी डावा पाय, मग कंबर,
मग उरलेलं सगळं.
सीट जमिनीपासून दीड वीत,
आत जाणं काही मोठी गोष्ट नाही,
बाहेर येताना कळतं आपलं वय.
म्हणून तर विकतोय.
टेग्वेनचे गुडघे आणि माझी पाठ,
दोघांनी मिळून सह्या केल्यात कागदावर.

आता टप.
समोरच्या काचेवर हे दोन खटके.
दोन्ही एकदम सोड.
एक सोडून दुसऱ्याचा विचार करत बसलीस
तर सांगाडा तिरका होतो, आणि मग तिरकाच राहतो.
त्याआधी मागच्या खिडकीची चेन उघड,
ती काच नाही, प्लास्टिक आहे,
थंडीत वाकवलीस तर कडकन मोडेल.
हात लावून बघायचं.
तुझी बोटं गारठली असतील तर तीही गारठलेली आहे.

ओला टप कधी दुमडायचा नाही.
हार्लेकमध्ये हे सांगणं म्हणजे
माशाला टॉवेल विकणं, ठाऊक आहे मला.
इथे कोरडे दिवस बोटांवर मोजायचे
आणि त्यातले निम्मे नेमके रविवारी.
तरीही. घडीत बुरशी धरते,
काळे ठिपके, साबणाला दाद न देणारे.
धुताना मऊ ब्रश, कोमट पाणी.
रबराला सिलिकॉनचं ग्रीस, बोटाने.
तेल नको, तेलाने रबर फुगतं
आणि दार रुसल्यासारखं बंद होतं.

सीटमागे हात घाल. अजून खाली.
लागलं भोक?
दोन्ही बाजूंना एकेक. टपावरचं पाणी इथून जातं.
बुजलं तर ते तुझ्या पायाशी येऊन बसतं,
मुकाट, कुत्र्यासारखं,
आणि तुला कळतं फक्त वासावरून.
गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी सरकव आत,
तार नको, तार नळी फाडते.
मी दर ऑक्टोबरात काढतो पाइनच्या सुया,
वाळू, एकदा एक जिवंत गोगलगाय,
आणि पेपरमिंटचे कागद, कागदांमागून कागद.
चॅपलमधून परतताना टेग्वेन खायची.
तीस वर्षं मला सांगत आली, एकच खाल्ली.

हिवाळ्यात टप लावून ठेवायचा. हे लिहून घे.
एका वर्षी तो उतरवलेलाच राहिला.
सप्टेंबरात हॉस्पिटलचा फोन आला
तेव्हा आम्ही समुद्रावर होतो,
तसेच परत आलो, तशीच गाडी आत लावली,
आणि सात महिने कुणी गॅरेज उघडलं नाही.
एप्रिलमध्ये ओढून पाहिला तर चार बोटं कमी.
घडीत राहिलं की कापड आक्रसतं.
ब्रिनली मेकॅनिक म्हणाला, नवा घाला.
टेग्वेनच्या डोक्यावर तेव्हा केस नव्हते.
ती म्हणाली, थांबा जरा.

मग रोज उन्हात उभी केली,
मिळेल तेवढ्या उन्हात.
खटके पहिल्या दात्यावर नुसते अडकवायचे,
जबरदस्ती नाही.
एक दिवस, एक दोरा.
ती आत बसून मोजे विणायची,
कुणासाठी ते अजून सांगितलेलं नाही.
एकोणिसाव्या दिवशी मी भांडी घासत होतो,
आणि नळ चालू असताना, स्वयंपाकघरात,
ऐकू आलं मला: खट्.
थोड्या वेळाने दुसरं.

आज पाऊस आहे, तेव्हा टप लावूनच ने.
पडदा हलला? बघू नकोस तिकडे.
मी झोपलेय म्हणून सांग, म्हणाली होती.

कोरडा दिवस मिळाला की उतरव,
आणि या बाजूला येऊ नकोस.
किंवा ये.
दोनदा हॉर्न दे.

हॉर्न. हां, तेवढं राहिलंच.
तो फक्त डावीकडे वळताना वाजतो.
आमची गल्ली डावीकडेच आहे,
म्हणून कधी दुरुस्त केला नाही.