अंतिम वेग

येळ्ळूरगडाचा उतार. ब्रेक नसलेली सायकल.
आरंभी शून्य, म्हणजे एक पाय दगडावर.
हुद्दार सर म्हणाले, सोड.

खाली शेवंता, मांडीवर वही,
सरांचं स्टॉपवॉच मुठीत.
त्वरण दीड धरायचं ठरलं होतं.

त्वरणाला पलीकडच्या कन्नड वर्गात वेगोत्कर्ष म्हणत,
वेगाला मात्र वेगच.
एवढा एक शब्द दोन्ही फळ्यांवर.

“आठ!” ती ओरडली, बटण दाबलं.
शून्य अधिक दीड गुणिले आठ. बारा.
मी कुठं थांबलो होतो?
बांध ओलांडून भाताच्या खाचरात शिरलो,
तिथंही थोडा उरलाच.

कोपर सोलून वर आलो तर सर सांगत होते,
अंतिम म्हणजे, मोजणाऱ्यानं जिथं बोट दाबलं तिथला.

शेवंतानं उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.
माझ्या कानात चिखल होता.