चपलांची तोंडं

दोन वर्षांनी दिवाडीला आले
आणि पायरीवर बूट काढून, वाकून,
त्यांची तोंडं नदीकडे वळवली.
सवयीने. निईगाताच्या वसतिगृहात
पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं हे,
निघताना पाय सरळ घालता यावेत म्हणून.
त्याला तिथे शब्दच आहे, देफुने.
निघती होडी.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.
बुटांकडे पाहिलं.
"आत्ता आलीस, आणि इतक्यात निघालीस गो?"

त्यांच्याकडे ल नाही.
व असून नसल्यासारखा.
हजेरीपटावर वल्लरी नार्वेकरची
नारुबेकारु बारारी झाले.
पहिल्या दिवशी हाक आली तेव्हा
मी मागे वळून पाहिलं, कोण ही.
सहा महिन्यांनी पालिकेच्या खिडकीशी
मीच म्हणाले, बारारी,
आणि जीभ अडखळली नाही.
वाईट वाटलं ते नंतर, सायकलवर.

व्याकरण मात्र सोपं गेलं.
ब्राझीलचा थियागो डोकं धरून बसायचा,
क्रियापद शेवटी? तोवर काय करायचं?
थांबायचं, मी म्हणाले,
पलीकडच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटेपर्यंत
थांबतो तसं.
बाबांनी फळी टाकल्याशिवाय कुणी उतरत नाही.
हो की नाही, हे आमच्याकडेही
वाक्य काठाला लागल्यावरच कळतं.
त्याला फेरीबोट समजली नाही. मग तीच समजावत बसले,
तास संपला.

रात्री बेंतोच्या कारखान्यात पाळी.
पट्ट्यावरून भात येतो, चौकोनी, वाफ निवलेला,
त्याच्या बरोबर मध्ये एक उमेबोशी ठेवायची.
साडेचार तास. फक्त तेवढंच.
आईसाठी तिची डबी आणली होती.
तिने चाखून डोळे मिटले.
"हे तर मिठातलं तोर."
आणि उठून फळीवरची बरणी काढली,
माझ्यासमोर ठेवली,
वाद जिंकल्यासारखी.

बाबा शेवटच्या फेरीनंतर आले.
"तिथं नदी आहे?"
"आहे. शिनानो. केवढीतरी लांब."
"फेरी?"
"नाही. पूल आहेत."
हुमणाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत
ते बराच वेळ गप्प राहिले.
"मग धावत येणाऱ्यासाठी कोण थांबतं?"

पंधरा दिवस होते.
पोदेराच्या भोंप्याने जाग यायची
आणि क्षणभर कळायचं नाही
कुठल्या भाषेत उठायचं.
इनासिनबाय कुंपणावरून म्हणाली,
बोल पाहू कायतरी.
बोलले. ती इतकी हसली
की तिची कोंबडी उडून आमच्या माडाखाली आली.

तिसऱ्या धड्यात होतं ते.
घरातून निघताना म्हणायचं, इत्ते किमास्,
जाऊन येते.
घरातल्याने म्हणायचं, इत्ते राश्शाइ,
जाऊन ये.
सगळा वर्ग वहीत उतरवून घेत होता.
माझ्या पेनाचं टोपण निघालंच नाही.
होसोया-सेन्सेईंनी हळूच विचारलं, समजलं नाही का?
खिडकीबाहेर शेतात पाणी सोडत होते,
आमच्या खाजनात भरतं तसं, बांधाला चाटत.
समजलं, मी म्हटलं.
त्यांना वाटलं मी भिडेपोटी सांगतेय,
म्हणून त्यांनी फळ्यावर पुन्हा लिहिलं,
माझ्यासाठी, मोठ्या अक्षरात.

निघायच्या पहाटे पायरीवर पाहिलं,
रात्रीतून कुणीतरी बुटांची तोंडं आत वळवली होती.
जोडीने, नीट, नाड्याही आत खोचून.
मी ती बदलली नाहीत.
पायरी उतरून खाली उभी राहिले,
पाठ नदीकडे, तोंड घराकडे,
एका हाताने खांब धरून
पाय घातले.

"येते," म्हटलं.
आईने पदराला हात पुसले, नुसतेच, कोरडे होते तरी.
"ये."

खाली धक्क्यावर भोंगा वाजला, एकदा.
पाण्यावर धुकं, इंजिन सुरू,
आणि फळी अजून खालीच.