वीस टक्के

सजाच्या गॅरेजात दुपारी तीनला
सायलेन्सरमधून तळणीचा वास आला
आणि माझ्या पोटात एकदम भूक.
बी-ट्वेंटी. शंभर लिटरांत वीस
कुठल्याशा कॅफेटेरियाचं जळकं तेल, गाळून, धुऊन.

मोटारहोम. शहाऐंशीचं मॉडेल.
आत गॅसची शेगडी, दोन बिछाने,
त्यातल्या एकाची गादी गुंडाळून ठेवलेली.
खलफानसाहेब अर्ध्या हिंदीत म्हणाले,
चढावर दम टाकते. मसाफीच्या अलीकडे तर बसलीच.
तेल खराब आहे का?

तेल चांगलंय साहेब. जरा जास्तच चांगलं.
डिझेलनं पस्तीस वर्षं ज्याला हात लावला नाही
तो तळाचा गाळ हे सोडवत बसतं.

जुनी नळी बोटानं दाबली,
चहात बुडवलेल्या पावासारखी.
ती काढली, या तेलाला टिकणारी घातली.

मग फिल्टर कापला.
काळी खळ, आत बारीक वाळू.
त्यांनी ती चिमटीत घेऊन उन्हात धरली.
तांबूस आहे ती लिवाची, म्हणाले.
ही पांढरट मसीराची,
तिथे मी टाकीचं झाकण पंपावर विसरलो
आणि ती दिवसभर हसत होती.

ती कोण, मी विचारलं नाही.
हात पुसायला चिंधी पुढे केली,
त्यांनी घेतली नाही.

बिलात नळ्या, फिल्टर, दोन तासांची मजुरी.
एक जास्तीचा फिल्टर गाडीत ठेवायला दिला.
म्हटलं, दोन टाक्या झाल्या की परत या.
अजून निघेल.