कडी

मी डंभारे. चाळीस वर्षं स्कोअरर.
माणसं मला आकड्यांनीच आठवतात.
कुंदा नंदनवार : पाच कसोटी, एकोणीस बळी,
डावखुरी फिरकी, नो-बॉल एकही नाही.

गोळीबार चौकात, हातमागाच्या घरात
ती लहानपणी कांड्या भरायची.
सूत कुठं सैल सोडायचं, कुठं आवळायचं,
बोटांना आधीच ठाऊक होतं.
चेंडू नंतर आला.
इंग्लंडला जाताना ब्लेझरचं कापड
मोहल्ल्याच्या वर्गणीतून आलं,
परतली तेव्हा पासबुकात अकरा रुपये.
हे माझ्याकडे लिहिलेलं आहे, स्कोअरबुकाच्या मागच्या पानावर,
कारण माझे चाळीस तिनं उसने नेले होते.

सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर तेव्हा
पोरींना कपडे बदलायला सामानाची खोली.
चुन्याची पोती, फाटक्या जाळ्या, तीन पायांची खुर्ची.
दार होतं. कडी नव्हती.
एक पोरगी आत जायची,
एक बाहेर दाराला पाठ लावून उभी.
कुंदा बहुतेक बाहेरच.
"खांदे रुंद आहेत न माझे," म्हणायची.
एकदा अशीच उभी असताना विकेट पडली,
पुढची फलंदाज हीच,
आतली पोरगी बाहेर येईना
आणि ही दारापासून हलेना.
पंचांनी घड्याळ पाहिलं, बोट वर केलं.
मी लिहिलं : उशिरा आली म्हणून बाद.
का उशीर झाला, याला रकाना नव्हता.

आता ती सचिव.
वर्धा रोडच्या स्टेडियमात तिसऱ्या मजल्यावर काचेची केबिन,
पास मागणारे आमदारांचे पीए,
चपला झिजलेले बाप,
"मॅडम, पोरगा अंडर-फोर्टीनला..."
ती ऐकून घेते.
ऐकताना डाव्या हातात पेपरवेट फिरत असतो,
दोन बोटं न दिसणाऱ्या शिवणीवर.

पहिल्या दिवशी पहिली फाइल तिनं स्वतः लिहिली :
जुन्या मैदानावरील मुलींच्या खोलीस
आतून लावावयाची कडी, नग एक.

बांधकाम समिती म्हणाली, तीन कोटेशनं मागवा.
वित्त समितीनं विचारलं, कडी की बोल्ट,
तपशील स्पष्ट करावा.
त्याच बैठकीत पाहुण्यांच्या कक्षातल्या सोफ्यांचं बिल
चहा यायच्या आत पास झालं.
पोळा गेला, दिवाळी गेली,
कूलरला नवी खस लागली,
तेव्हा फाइल खाली आली. शेरा : "चर्चा करावी."

शनिवारी तिचा फोन.
"डंभारेभाऊ, घरी पेचकस आहे का जी?"
इतवारीच्या लोहाओळीतून कडी आणलेली,
पंच्याऐंशी रुपये, स्क्रू वेगळे.
शेहेचाळीस डिग्री. मैदानावर कुत्रंही नाही.
साठीची बाई दारापाशी उकिडवी,
लाकूड जुनं सागवान, स्क्रू शिरेना.
म्हटलं, सुताराला बोलावू.
"काहून? मंग त्याची बी फाइल काढा लागन."

ऑडिटनं पकडलंच :
सचिवांनी मंजुरीविना मालमत्तेत बदल केला, खुलासा द्यावा.
अजून दिलेला नाही.
मी सुचवलं, माझ्या स्कोअरबुकातलं ते पान जोड.
ती हसली. पेपरवेट फिरवत राहिली.

परवा अंडर-फिफ्टीनची निवड चाचणी.
अचलपूरची एक पोरगी, उसन्या पॅडची,
आत गेली.
आतून आवाज आला, कोरडा, बारीक,
बॅटची कड लागते तसा.
आणि सचिव दाराला पाठ लावून उभी.
शिपाई दोनदा बोलावून गेला,
वर कुणी खासदार येऊन बसलेत.

"कुंदा," मी म्हटलं, "कडी आहे न आता."
"हो न," म्हणाली.
हलली नाही.